रुग्णाची जबानी

ज्या जिल्ह्याच्या आठवडे बाजारांत हिंदी, मराठी, उर्दू, कोरकू आणि बारेली अशा पाच बोलींचा व्यवहार सहज चालतो, त्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात रुग्णाला डॉक्टरांशी स्वतःच्या भाषेत बोलता यावे एवढी तजवीज करणे हे रुग्णालयाचे कर्तव्य आहे, रुग्णाच्या मुलाबाळांचे नव्हे, असे माझे स्पष्ट मत आहे. आजवर हे कर्तव्य आपण मुकाट्याने घरच्या माणसांवर ढकलत आलो, आणि ते बिचारे ते बिनतक्रार उचलत आले, म्हणून त्यातील धोका कोणाच्या ध्यानात आला नाही.

१५ ऑगस्ट २००३ रोजी खंडव्यापासून वेगळा झालेला हा जिल्हा अमरावती, बुलढाणा आणि जळगाव या महाराष्ट्राच्या तीन जिल्ह्यांना लागून आहे. खकनार आणि नेपानगरच्या डोंगराळ भागांत, आणि सीमेपलीकडे मेळघाटात, कोरकू समाजाची वस्ती आहे. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. संथाळी आणि मुंडारी या तिच्या दूरच्या बहिणी पूर्वेस शेकडो कोसांवर राहिल्या, आणि हिंदी वा मराठीशी तिचे नाते शेजाराचे आहे, रक्ताचे नाही. ती बोलणारे सात लाखांहून अधिक लोक आहेत, तरीही राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान नाही. डॉक्टर बहुधा इंदूर-भोपाळकडून येतात आणि भाषेचा कान तयार होण्याआधीच त्यांच्या बदलीचा हुकूम येतो; तेव्हा त्यांनी कोरकू शिकावी, एवढे म्हणून भागत नाही.

शहरातील एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात पाहिलेला प्रसंग सांगतो. धोतर नेसलेले, काठी टेकलेले एक वृद्ध कोरकू गृहस्थ बाकावर बसले होते आणि विशीतला मुलगा शेजारी उभा होता. खोकला किती दिवसांचा, असे डॉक्टरांनी विचारले. मुलाने बापाला न विचारताच उत्तर दिले. लघवीला त्रास होतो का, रक्त जाते का, या प्रश्नावर मात्र त्याची मान खाली गेली, क्षणभर तो घुटमळला आणि नाही म्हणाला. त्यानंतर क्षयाची शंका, थुंकीची तपासणी, औषध सुरू झाल्यास सहा महिने एकही दिवस न चुकवण्याची ताकीद, असे बरेच काही डॉक्टरांनी कळकळीने समजावले. वृद्धाच्या कानी मुलाकडून गेले ते एक-दोन वाक्यांत आटोपले. म्हाताऱ्याने मान हलवली, आणि ती मान हलवणे म्हणजे संमती असे सर्वांनी गृहीत धरले.

या मुलाला दोष देण्याचे धाडस कोण करील? ज्या बापासमोर त्याने कधी वर मान करून पाहिले नाही, त्याला देहधर्मासंबंधीचे प्रश्न विचारणे त्याच्या संस्कारात बसत नाही. आणि ज्या आईला सुनेसमोर गर्भाशयाच्या विकाराचा उच्चार करणेही लाजिरवाणे वाटते, ती मुलासमोर तो करील ही अपेक्षाच अमानुष आहे. याशिवाय दुर्धर व्याधीचे निदान सांगण्याची वेळ आली म्हणजे माया आड येते; मूल आईबापांना जपण्यासाठी अर्धे सांगते, अर्धे गिळते, आणि ज्याचा देह आहे त्यालाच त्या देहाची वार्ता शेवटी कळते. दुभाष्याच्या अंगी जो तटस्थपणा हवा, तो प्रेमाच्या माणसापाशी नसतो, आणि नसावाही. त्यातून शाळेत जाणारी मुलगी असेल, तर आईच्या प्रत्येक तपासणीस तिचा एक दिवस खर्ची पडतो, आणि वयाला न पेलणारे ज्ञान तिच्या माथी बसते ते निराळेच.

कायद्याच्या दृष्टीनेही ही रीत टिकण्यासारखी नाही. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात, रुग्ण स्त्री भुलीखाली असताना तिच्या आईच्या संमतीने तिचे गर्भाशय काढण्यात आले होते. त्यावर १६ जानेवारी २००८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, तातडीचा प्राणसंकटाचा प्रसंग नसताना सज्ञान रुग्णाच्या जागी आईची संमती चालणार नाही. मग ज्या रुग्णाला काय विचारले हेच समजले नाही, त्याच्या अंगठ्याची किंमत काय धरावी? फौजदारी न्यायालयात आरोपीला न कळणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला कळेल अशा भाषेत समजावून द्यावी, असे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २७९ सांगत होते, आणि तिच्या जागी आलेल्या नव्या संहितेतही ही तरतूद कायम आहे. चोरीचा आळ आलेल्याला जे संरक्षण राज्याने दिले, ते आजाराने गांजलेल्या निरपराध माणसालाही मिळायला हवे.

बऱ्हाणपुरास तर हा विचार नवखा वाटू नये. येथील जामा मशिदीत फारुकी राजा आदिलशहाने इ. स. १५९० च्या सुमारास अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही कोरविला. बाबराचे आत्मचरित्र तुर्कीतून फारसीत आणणाऱ्या अब्दुल रहीम खानखानानाचा मुक्कामही याच नगरीत दीर्घकाळ होता. मराठ्यांच्या इतिहासात पाहावे तर १६७४ साली रायगडावर राज्याभिषेकप्रसंगी आलेल्या इंग्रज वकिलाबरोबर नारायण शेणवी हा दुभाषी होता. सत्तेला स्वतःचे काम अडले तेव्हा तिने दुभाषी नेहमीच पदरी बाळगला. प्रजेचे काम अडते तेव्हा मात्र खर्चाची सबब पुढे येते.

ही सबब खरी नाही, हे मराठी मुलखातच सिद्ध झालेले आहे. १९७३ साली हेमलकसा येथे सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे माडिया भाषा शिकले, तेव्हा रुग्ण त्यांच्याकडे येऊ लागले. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने गोंडांना विचारून, त्यांच्या पाड्यासारखे रुग्णालय बांधले आणि त्याला दंतेश्वरी देवीचे नाव दिले. ऑस्ट्रेलियात १९७३ पासून दूरध्वनीवरून दुभाषी मिळण्याची सरकारी सोय आहे. मुलांकडे गेलेल्या आपल्याकडील वृद्धांना आणि मँडरिनखेरीज दुसरी भाषा न येणाऱ्या चिनी आजीला तेथे एकाच व्यवस्थेचा आधार असतो.

हिंदी तर सगळ्यांनाच येते, असा आक्षेप हमखास घेतला जातो. बाजारापुरती हिंदी येते हे खरे. पण मिठाचा भाव विचारण्यास पुरणारी भाषा छातीतली कळ, मनातली भीती किंवा गर्भपाताचा इतिहास सांगण्यास पुरत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: दुभाषी त्याच पंचक्रोशीतला असला म्हणजे गुप्तता कशी राहणार? यासाठी त्याला प्रशिक्षण हवे, गुप्ततेची लेखी हमी हवी, आणि स्त्रियांसाठी स्त्री दुभाषी हवी. रुग्णाला नको असेल तो दुभाषी नाकारण्याची मुभाही हवी. आज हे काम बव्हंशी आशा कार्यकर्ती करते. पण २००५ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आलेली ही बाई आधीच अनेक कामांनी दबलेली आहे, आणि या श्रमाचा निराळा मोबदला तिला नाही.

म्हणून मागणी अगदी माफक आहे. जिल्हा रुग्णालयात कोरकू आणि बारेली जाणणारे दुभाषी मानधनावर नेमावेत, बारावी झालेल्या आदिवासी मुलामुलींतून ते निवडावेत, आणि दूरच्या आरोग्य केंद्रांना त्यांचा दूरध्वनीवरून उपयोग व्हावा. १ जुलै २०२३ रोजी याच मध्य प्रदेशात, शहडोल येथे, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या २०४७ पर्यंत निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. पण रक्त तपासून हाती दिलेला दाखला वधूवरांच्या आईबापांना त्यांच्या भाषेत कोणी उलगडून सांगणार नसेल, तर त्या कागदाचा लग्न ठरवताना काही उपयोग होणार नाही. सरकारी रुग्णालयाचा कारभार पाहणाऱ्या रोगी कल्याण समितीची कल्पना इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उगवली आणि पुढे सर्व देशाने स्वीकारली. बऱ्हाणपूरच्या समितीने आपल्या पुढील बैठकीत दुभाष्यांच्या मानधनाचा ठराव मांडावा. त्यासाठी दिल्लीच्या हुकमाची वाट पाहण्याचे काहीच कारण नाही.