आहेराची साडी आणि कात्री

गेल्या महिन्यात कपाटाचा वरचा कप्पा आवरायला काढला. पंचवीसेक ब्लाउजपीस आणि चौदा साड्या निघाल्या. सगळ्या कोऱ्या, घडीसुद्धा मोडलेली नाही. त्यातली आंबा रंगाची एक उघडली तर आतून चिठ्ठी पडली, 'दारव्हा, मुलीची मावशी'. अक्षर माझंच! सात-आठ वर्षांपूर्वी दारव्ह्याच्या लग्नात मीच दिलेली साडी. किती घरं फिरली कोण जाणे, पण कुणीच तिची घडी उघडली नव्हती, आणि शेवटी ती माहेरपणाला माझ्याच घरी आली.

आधी खूप हसले. मग म्हटलं, आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंना यातल्या दोन-तीन देऊन टाकू. त्या सकाळी आमचं काम करून दुपारी शेतात जातात. त्यांनी साडी बोटांत चोळून पाहिली आणि म्हणाल्या, "बाई, हे नेसून निंदाले जाऊ काय? घाम तं पित नाही हे."

मी गप्प बसले. ज्या कापडाची मला अडचण झाली होती, ते त्यांच्या घरी ढकलून मी वर दानाचं पुण्यही घेणार होते.

आमची आई कापड वाया जाऊ देत नसे. तिची सुती नऊवारी विटली की माझं परकर-पोलकं व्हायचं, मग उशीची खोळ, मग वाकळ, आणि शेवटी चुलीजवळचं फडकं. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा तर चिंध्या जोडलेली गोधडीच अंगावर वागवत. लोक त्यांना गोधडेबुवा म्हणत. पण आईची काटकसर जुन्या कापडापासून सुरू व्हायची. आपलं दुखणं निराळं आहे. आपल्या साड्या कोऱ्याच मरतात. आणि कोऱ्या कापडाला कात्री लावायला हात धजत नाही.

जाऊबाई म्हणाल्याच, "कोरी साडी कापणं अशुभ असतं हो!" आठ वर्षं डांबराच्या गोळ्यांत कोंडून ठेवणं शुभ असतं का, हे मी मनातल्या मनात विचारलं. (जाऊबाई, तुम्ही हे वाचता ते ठाऊक आहे. रागावू नका.)

तर कापली. शाळेत मराठीबरोबर मुलींचे शिवणाचे तासही माझ्याच गळ्यात पडत, त्यामुळे मशीन नवं नव्हतं. पण हे सिंथेटिक कापड! पहिल्याच दिवशी इस्त्री जास्त तापली आणि वीतभर पदर चुरमडून गोळा झाला. कापलेल्या कडेचे धागे सुटत राहतात, म्हणून प्रत्येक कड दुमडून दोनदा शिवावी लागते. नातीचा परकर केला, पण आतून माझ्या जुन्या सुती साडीचं अस्तर लावलं, नाहीतर आपल्या यवतमाळच्या उन्हात पोर उकडून निघाली असती. काठ वेगळे काढून घेराला लावले. उरल्यातून दोन बटवे आणि शिवणयंत्राचं झाकण. नातवाची आखूड झालेली जीन्स होती, तिची बाजाराची पिशवी झाली. पाच किलो कांदे घेऊनही शिवण उसवली नाही. जीन्सचं कापड आपल्याच लोहाऱ्याच्या एमआयडीसीत तयार होतं, हे नातवाला सांगितलं तर त्याला खरंच वाटेना!

त्याच्या मोबाइलवर असले व्हिडिओही पाहिले. जुन्या शर्टाची पर्स करायची म्हणून नवी चेन, नवी लेस, नवे मणी, डिंकाची बंदूक... अहो, मग पर्सच विकत घ्या की! २०१८ साली प्लॅस्टिकबंदी आली तेव्हा मीही हौसेने वीस कापडी पिशव्या शिवून नातेवाइकांना वाटल्या होत्या. परवा नणंदेकडे गेले, तर माझ्या दोन्ही पिशव्या तिच्या कपाटात इस्त्री करून ठेवलेल्या. म्हणजे मीही तेच केलं होतं. न मागितलेली वस्तू दुसऱ्याच्या कपाटात ढकलली.

म्हणून माझं मत असं झालं आहे की जे शिवायचं ते स्वतःच्या घरात वापरायला शिवावं, आणि वापरणार नसू तर आधी घेऊच नये. आपण कापसाच्या जिल्ह्यातली माणसं. क्विंटलभर कापसातून जेमतेम ३४-३५ किलो रुई निघते, बाकी सरकी. तो कापूस वेचताना बायांची बोटं बोंडांनी ओरबाडतात. आणि त्याच बायांना लग्नकार्यात आपण घाम न पिणारी साडी देतो.

उरलेल्या तेरा साड्या अजून पलंगावर आहेत. त्यांतल्या निदान तीन जाऊबाईंनी दिलेल्या. कुठल्या ते मला आठवत नाही. त्यांना आठवत असेल, अशी थोडी धास्ती आहे.

आणि हो, पुसदचं लग्न तोंडावर आलंय. मला आहेर करूच नका. अगदीच राहवत नसेल तर सुती पंचा द्या, अंग पुसायला तरी होतो.