बीजावर हुकूम कोणाचा?

भाद्रपद उलटू लागला की पुसेगावच्या शिवारात कपाशीची बोंडे धरतात आणि आत सरकी भरू लागते. पानात आणि सरकीत जनुकांचा संच एकच. तरीही साठवणीची प्रथिने तयार होतात ती सरकीतच. असे का व्हावे? जनुकाच्या आरंभी एक छोटा नियामक भाग असतो. त्यास शास्त्रज्ञ ‘प्रवर्तक’ म्हणतात. जनुकाने कोठे, केव्हा व किती काम करावे, याचा हुकूम मुख्यतः तेथून सुटतो. भरत्या बीजातील विशिष्ट प्रथिने त्या भागास येऊन चिकटली की जनुक जागे होते. पानात ते निजून राहते.

हा केवळ पंडितांचा विषय नव्हे. २००२ साली बीटी कपाशीस परवानगी मिळाली. तिच्यातील कीडनाशक प्रथिनाच्या जनुकास फुलकोबीवरील एका विषाणूचा प्रवर्तक जोडलेला होता. तो झाडाच्या सर्व भागांत चालतो खरा, पण सर्वत्र सारखा नव्हे. हे प्रथिन पानांत सर्वाधिक, बोंडाच्या सालीत मात्र अपुरे असते आणि झाडाच्या वयाबरोबर घटत जाते, असे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २००५ साली दाखवून दिले. अळीचा डल्ला तर बोंडावरच! २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात हाहाकार उडविला. अळीने कमावलेली प्रतिकारशक्ती हे त्याचे मोठे कारण. परंतु अपुरी मात्रा अशा प्रतिकारास खतपाणीच घालते.

याच शास्त्राची दुसरी बाजूही पाहावी. सरकीत सुमारे २२ टक्के प्रथिने असूनही गॉसिपॉल या विषामुळे ती माणसाच्या ताटात येत नाहीत. २००६ साली टेक्सासमध्ये डॉ. कीर्ती राठोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकीच्याच साठवण-प्रथिनाचा प्रवर्तक योजून हे विष केवळ बीजात अत्यल्प केले. पानांत ते किडीच्या बंदोबस्तास कायम ठेवले. हुकूम नेमक्या जागी दिला की विद्या अशी फळास येते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. जनुक बदललेल्या प्रत्येक वाणाची मोजणी कोरडवाहू शेतात, भरत्या बोंडात आणि अखेरच्या वेचणीपर्यंत व्हावी. आणि तिचा निष्कर्ष बियाण्याच्या पिशवीवर स्वच्छ मराठीत छापावा. पैसे मोजणाऱ्यास ज्याच्या अटीच कळत नाहीत, त्या सौद्यास न्याय कोण म्हणेल?