कोर्टाचा कागद आणि कृष्णाकाठची सून

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली संमत झाला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. ‘डीव्ही टाकली’, म्हणजे या कायद्याखाली अर्ज केला, हे शब्द आता सातारा-सांगलीत कोर्टाच्या आवाराबाहेरही, एसटी स्टँडवर आणि आठवडी बाजारातही, कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. या कायद्याविषयी चार मते ठामपणे मांडली जातात. पहिले, हे घर मोडण्याचे हत्यार आहे. दुसरे, कोर्टाचा आदेश मिळाला की बाई सुटली. तिसरे, कोर्टात काही होत नाही, गावातच मिटवावे. चौथे, कायदाबियदा सोडा, पत्री सरकारसारखा धाक हवा. चारही मते मांडणाऱ्यांत भली माणसे आहेत, आणि तरीही चारही मते चुकीची आहेत. कोर्ट बाईचा हक्क सांगू शकते, पण तो हक्क तिच्या ताटात वाढण्याचे काम कोर्टाबाहेरच्या कचेऱ्यांचे आहे. त्या कचेऱ्या हात झटकून बसल्या आहेत, हा या लेखाचा मुद्दा.

‘गैरवापर’वाल्यांपासून सुरुवात करू. या कायद्याखाली नुसता अर्ज दिला म्हणून कुणालाही अटक होत नाही. मारहाणीला मनाई, राहत्या घरात राहण्याचा हक्क, पैसा, मुलांचा ताबा, नुकसानभरपाई एवढेच बाई मागते. संरक्षण आदेश मोडला तरच कलम ३१ लागते आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा २० हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. जुने ४९८-अ, म्हणजे आताच्या भारतीय न्याय संहितेतले कलम ८५, ही वेगळी गोष्ट आहे. पारावरच्या चर्चेत दोन्हींची खिचडी होते आणि सगळे खापर या कायद्यावर फुटते. घर मोडण्याचा आरोप तर उलटाच लागू पडतो. कलम १७ बाईला त्याच घरात राहण्याचा हक्क देते, मग ते घर कुणाच्याही नावावर असो. घर सोडून जा, असे तिला हा कायदा कुठेही सांगत नाही.

खोटे अर्ज येतच नाहीत, असे कुणी म्हणू नये. ते पुराव्यावर पाडता येतात. उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र दोन्ही बाजूंनी द्यावे, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये सांगितलेच आहे. पण प्रमाणाचेही भान ठेवावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी २५.२ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. देशात शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी मदत मागणाऱ्या होत्या १४ टक्के. ७७ टक्के जणींनी ना मदत मागितली, ना कुणाला सांगितले. जिथे शंभरातल्या सत्त्याहत्तर जणी तोंड उघडत नाहीत, तिथे बोलणाऱ्या फार झाल्या अशी तक्रार करणे शोभत नाही.

दुसरे मत कायद्याच्या मित्रांचे आहे, म्हणून त्याचे खंडन अधिक बारकाईने करायला हवे. शिबिरांत कलमांची यादी वाचली जाते, टाळ्या पडतात आणि आदेश म्हणजेच संरक्षण असा समज घेऊन बाया घरी जातात. कलम १२ म्हणते, पहिली तारीख सर्वसाधारणपणे तीन दिवसांच्या आत द्यावी आणि अर्ज ६० दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न करावा. ‘प्रयत्न करावा’ या दोन शब्दांच्या आड वर्षे निघून जातात. १ जुलै २०२२ रोजी देशात या कायद्याखालची सुमारे ४ लाख ७१ हजार प्रकरणे प्रलंबित होती. बहुतेक राज्यांत जिल्ह्याला या कायद्याखाली नेमलेला एकच संरक्षण अधिकारी असल्याचेही सर्वोच्च न्यायालयासमोर आले. पोटगीच्या दुसऱ्या कायद्यातही तेच. नागपूरच्या एका प्रकरणात २०१३ साली अंतरिम पोटगीसाठी अर्ज झाला, २०१५ साली कौटुंबिक न्यायालयाने पत्नीला दरमहा १५ हजार रुपये मंजूर केले आणि तो वाद संपायला २०२० उजाडले, तेही दिल्लीत. अंतरिम म्हणजे तात्पुरती. तात्पुरत्या पोटगीचा वाद मिटायला सात वर्षे लागली.

आमच्या दोन जिल्ह्यांत अडचणींना स्थानिक रूप येते. खानापूर-आटपाडीकडचे गलाई कारागीर सोन्याचांदीच्या शुद्धीकरणासाठी देशभर विखुरलेले. पाटण-जावळीचा माणूस मुंबईत माथाडी. कलम २७ मुळे बाई माहेरच्या तालुक्यातल्या कोर्टात अर्ज करू शकते, आणि आदेश भारतभर चालतो. पण नोटीस बजावायची कुणावर? नोटीस संरक्षण अधिकाऱ्याने दोन दिवसांत बजावावी, असे कलम १३ म्हणते. भाड्याची खोली बदलून परराज्यात फिरणाऱ्या माणसापर्यंत ती जाणार कशी, हा प्रश्न मात्र उरतोच. नोटीस ‘बजावली नाही’ असा शेरा घेऊन परत येते आणि पुढची तारीख पडते.

तारखांतून आदेश निघाला, तरी वसुली उरतेच. नवरा शपथेवर सांगतो, माझ्या नावावर एक गुंठाही नाही. ते खोटे नसतेही. सातबारा वडिलांच्या नावावर, वाटणी झालेली नाही, ऊस वडिलांच्या नावाने नोंदलेला, दुधाचे बिल आईच्या खात्यावर. पोटगी थकवली तर कलम ३१ लावावे म्हटले, तर तिथे शब्द आहे ‘संरक्षण आदेश’. पैशाचा आदेश त्यात बसत नाही असे काही उच्च न्यायालयांचे मत आहे. मग वसुलीचा वेगळा अर्ज, वॉरंट, आणि वॉरंट घेऊन जाणारा पोलीस बंदोबस्तातून मोकळा होईपर्यंत वाट पाहणे. घराचेही तसेच. नवऱ्याच्या मालकीचे वा भाड्याचे, किंवा एकत्र कुटुंबाचे घर तेवढेच सामाईक, हा २००६ चा संकुचित अर्थ सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये मोडीत काढला, हे फार चांगले झाले. पण पोलीस तिला दारापर्यंत सोडून परतल्यावर त्या घरातली पहिली रात्र तिला एकटीलाच काढायची असते.

इथेच तिसऱ्या मताला जोर चढतो. गावात मिटवा! तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ रोजी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. बांधाचे, पाण्याचे, भाऊबंदकीचे कितीतरी वाद तिने गावातच मिटवले, हे श्रेय तिला द्यावेच लागेल. पण बांधाच्या तंट्यात दोन बरोबरीचे वाटेकरी असतात. मार खाणारी सून आणि मारणारा नवरा बरोबरीचे नसतात. बैठकीत सासरकडून दहा पुरुष बोलतात, माहेरकडून भाऊ बोलतो, आणि ‘नांदवायला न्या, पुन्हा हात उचलणार नाही’ एवढे लिहून घेतले जाते. पुन्हा हात उचलला तर त्या कागदाला कुठली कचेरी विचारते? गावाला शांतता मिळते, बाईला मिळतो तोच माणूस. कोर्टाचा कागद कितीही लंगडा असला, तरी त्याच्या उल्लंघनाला शिक्षा आहे. कलम २३ खाली एकतर्फी अंतरिम आदेश मिळू शकतो. हे कुठल्याही पंचाच्या हातात नाही.

आता धाकवाल्यांचे मत. १९४३ नंतर तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा-सांगलीत, प्रतिसरकारने, म्हणजे लोकांच्या तोंडच्या ‘पत्री सरकार’ने, स्वतःची न्यायदान मंडळे चालवली आणि बायको टाकणाऱ्यालाही जाब विचारला. तळपायाला पत्री ठोकण्याच्या कथा आजही चवीने सांगितल्या जातात. त्या काळात त्या धाकाचे मोल होते. पण धाकाने बाई सासरी परत जाते. आपले छप्पर, आपले उत्पन्न घेऊन वेगळे राहण्याची मुभा तिला धाकाने मिळत नाही. हे कुणी ओळखले असेल, तर प्रतिसरकारच्या लढ्यात स्वतः वावरलेल्या कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी. १९८० च्या दशकात स्त्रीमुक्ती संघर्ष चळवळीने सांगली जिल्ह्यात परित्यक्तांना संघटित केले, तेव्हा पत्रीची मागणी पुढे आली नाही. मागणी होती स्वतंत्र रेशनकार्डाची, घराच्या जागेची, जगण्याच्या साधनाची. ती सरकारकडे होती, तहसील कचेरीवर होती. आजच्या कायद्यात जे राहून गेले, ते त्या बायांनी चाळीस वर्षांपूर्वी मागितले होते.

मग करायचे काय?

पहिली गोष्ट माणसांची. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये राज्यांना जिल्हा आणि तालुका पातळीवर महिला-बालविकास खात्यातले अधिकारी संरक्षण अधिकारी म्हणून नेमायला सांगितले आहे. पण अंगणवाड्यांची पाहणी, पोषण आहाराचे अहवाल आणि वर हेही काम, असे केले तर नेमणूक कागदावरच राहील. प्रत्येक तालुक्याला फक्त याच कामाचा अधिकारी, त्याला गाडी आणि नोटीस बजावायला माणूस, एवढे तरी हवेच. जत तालुक्यातल्या बाईने सांगलीला किती खेपा घालायच्या?

दुसरी गोष्ट पैशाची, आणि इथे कायद्यातच एक दार उघडे आहे. कलम २०(६) नुसार न्यायदंडाधिकारी नवऱ्याच्या मालकालाच नव्हे, तर त्याचे देणे लागणाऱ्यालाही सांगू शकतात की ती रक्कम थेट पत्नीला द्या किंवा कोर्टात भरा. सैनिकाच्या किंवा शिक्षकाच्या पगारातून कपात होते, कारण मालक माहीत असतो. शेतकऱ्याचे देणेकरीही माहीतच आहेत: साखर कारखाना आणि दूध संघ. नवऱ्याच्या नावाने ऊस जात असेल, तर कारखाना त्याचे देणे लागतो. विकास सोसायटीचे पीककर्ज उसाच्या बिलातून परस्पर कापून घेण्याची व्यवस्था इथे पिढ्यान् पिढ्या चालू आहे. सोसायटीचा हप्ता कापता येतो, मग मुलाच्या शाळेची फी का नाही? ऊस सासऱ्याच्या नावावर असेल तिथे हे दार अरुंद होते, हे मान्य. पण वकिलांनी अर्जात कारखान्याचे आणि संघाचे नाव घालायला सुरुवात तरी करावी. उसाचे बिल १४ दिवसांत मिळावे म्हणून रस्ता अडवणारा हा मुलूख सुनेची पोटगी वर्षानुवर्षे थकली तरी अडखळत नाही, ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

तिसरी गोष्ट नावाची. ग्रामपंचायतीच्या घरनोंदीत नवऱ्याबरोबर बायकोचे नाव लावण्याची सोय आहे, लक्ष्मीमुक्ती योजनेतून सातबाऱ्यावर तिचे नाव सहधारक म्हणून चढवता येते. पण दुसऱ्या सोयीत अर्ज नवऱ्याने करायचा. ज्याच्यापासून संरक्षण हवे त्याच्याच मर्जीवर ती अवलंबून. आणि माहेर? तिथे लग्नानंतर मुलीकडून हक्कसोड पत्र लिहून घेतात, साडीचोळी देऊन पाठवणी करतात. वडिलोपार्जित मालमत्तेतला मुलीचा समान हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मान्य केला. हक्कसोडीने तो दुय्यम निबंधकाच्या टेबलावर संपतो. सासरी मार खाऊन आलेली बहीण भावाच्या दारात पाहुणी ठरते ती याच सहीमुळे.

या कायद्याला कोर्टात हरवणे कठीण आहे. तो हरतो तहसीलदाराच्या, पोलीस ठाण्याच्या आणि कारखान्याच्या लेखा विभागाच्या दारात. म्हणून कायदा रद्द करा म्हणणाऱ्यांनी गप्प बसावे आणि कायदा आहे म्हणून निश्चिंत असणाऱ्यांनी जागे व्हावे. बहिणीकडून हक्कसोडीची सही मागायला निघालेल्या प्रत्येक भावाला एकच विनंती: ती सही मागू नका. उद्या तिला आदेश मिळो वा न मिळो, परत यायला तिच्या नावाचे घर तरी राहील.