आधी दिवे बघा!

घरचं नेट बंद पडलं की पहिला फोन कुणाला जातो? घरातल्या इंजिनिअरला! मग तो इंजिनिअर सेकंड इयरला का असेना आणि त्याचे दोन विषय अडकलेले का असेनात!

मागच्या वर्षी मलाही असाच फोन आला. कारंज्याजवळच्या आमच्या गावात, घरच्या कॉम्प्युटरवर धाकटी बहीण कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरत होती. शेवटचा दिवस, पाच वाजेपर्यंतची मुदत. दोन वाजता नेट गेलं. स्मार्टफोन बाबांबरोबर शेतात, आईचा फोन बटणांचा. आई म्हणाली, "अवं, खोक्यावरचा एक दिवा रोज लुकलुकते, आज लागूनच नाही राह्यला."

मी काय म्हणाले असेन? "आई, दिव्यांचं सोड गं, फोन ताईकडे दे!" घरात छोटीला सगळे ताईच म्हणतात.

मग माझी इंजिनिअरिंग सुरू झाली. रिस्टार्ट कर. ड्रायव्हर काढून परत टाक. शेवटी, "मागे बारीक छिद्र आहे ना, त्यात पिन घालून दहा सेकंद दाब." तिने दाबली. ते बटण रिसेटचं. राउटरमधलं युजरनेम, पासवर्ड, सगळं पुसलं गेलं! रिस्टार्ट आणि रिसेट यातला फरक मला परीक्षेत विचारला असता तर मी नक्की लिहिला असता.

बहीण शेजारच्या काकांच्या गाडीवर कारंज्याला गेली आणि तिथल्या नेट कॅफेत पाचला वीस मिनिटं कमी असताना फॉर्म भरला. थोडक्यात वाचलो. रविवारी घरी गेले तेव्हा कळलं, झाडझूड करताना केबल ओढली गेली होती. पिनची क्लिप तुटलेली, त्यामुळे ती कॉम्प्युटरमधून अर्धी बाहेर आलेली. न लागणारा दिवा त्याच केबलचा होता. आईने पहिल्याच वाक्यात उत्तर सांगितलं होतं!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, 'ट्रबलशूटिंग'ला मराठी शब्द आठवेना. आईला विचारलं तर म्हणाली, "बिघाड शोधणं." म्हणजे आधी शोधणं, मग हात लावणं. आपण नेमकं उलटं करतो. रिस्टार्टने पुष्कळदा काम होतं हे खरं, पण दिवे न बघता रिस्टार्ट केलं तर काय बिघडलं होतं त्याची खूणच जाते.

खरं तर शोधायचा क्रम सोपा आहे, जवळून लांब जायचं. आधी राउटरचे दिवे. फायबरच्या खोक्यावर एलओएसचा लाल दिवा लागला असेल तर बाहेरून प्रकाशच येत नाही, घरात खटपट करू नका, तक्रार नोंदवा. मग केबल. मग 'आयपीकॉन्फिग'. पत्ता 169.254 ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालेला नाही, कॉम्प्युटरने स्वतःच एक घेतला आहे. पत्ता ठीक असेल तर गेटवेला पिंग करा, नंतर 8.8.8.8 ला. हा नंबर उत्तर देतो पण साइट नावाने उघडत नाही, तर संशय डीएनएसवर, म्हणजे नावावरून नंबर शोधून देणाऱ्या डायरीवर.

हे 'पिंग' माईक म्यूस या अमेरिकन माणसाने डिसेंबर 1983 मध्ये लिहिलं. त्याच्याही नेटवर्कमध्ये बिघाड होता आणि तो नक्की कुठे आहे हे त्याला शोधायचं होतं. नाव पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून.

मित्रांनो, ओएसआयचे सात थर आपल्याला तोंडपाठ आहेत. व्हायव्हात आपण फिजिकल लेयरपासून सुरुवात करतो, घरी मात्र थेट वरच्या थरात उडी मारतो! सरांना आणि मॅडमना एक विनंती. प्रॅक्टिकलला सगळं चालू असलेलं नेटवर्क देता, एकदा मुद्दाम बिघडवलेलं द्या. आणि फोनवरून दुरुस्त करायला लावा, समोरचा माणूस काय सांगतोय ते ऐकायची सवय तरी लागेल.

मी घरी एक कागद चिकटवून आले आहे. दिवे, केबल, पत्ता, पिंग, असा क्रम. खाली लाल पेनने, 'पिन घालू नये.' त्यानंतर दोनदा नेट गेलं. दोन्ही वेळा आईनेच सुरू केलं आणि मला संध्याकाळी नुसतं कळवलं.

तुमच्याही घरी असा एक कागद लावून या. आणि पुढचा फोन आला की आधी विचारा, "दिवे कोणते लागलेत?" मग उत्तर पूर्ण ऐका!