प्रोग्रॅम आधी वाचता यावा

महाराष्ट्रात अभियांत्रिकी शिक्षणाची चर्चा निघाली की ती बहुधा जागा किती भरल्या, शुल्क किती वाढले आणि कॅम्पसमधून किती जणांना नोकऱ्या लागल्या या तीन प्रश्नांभोवती फिरते. वर्गात काय शिकवले जाते आणि कसे शिकवले जाते, हा प्रश्न मात्र अभ्यास मंडळांच्या कागदांपुरता उरतो. संगणकाच्या शाखांकडे विद्यार्थ्यांचा ओढा वाढत असताना आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून महाविद्यालयांच्या प्रवेशक्षमतेवरील कमाल मर्यादा उठवलेली असताना हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे, कारण वर्ग मोठे होतील आणि त्या वर्गांत पहिल्या पिढीचे विद्यार्थी पूर्वीपेक्षा जास्त असतील. या स्तंभाचा विषय असलेल्या तंत्रशिक्षणात सर्वाधिक पडझड जिथे होते तो टप्पा म्हणजे पहिल्या वर्षाचे प्रोग्रॅमिंग, आणि तिथल्या अध्यापनाचा क्रमच उलटा आहे, असे येथे मांडायचे आहे: प्रोग्रॅम वाचता येण्याआधीच तो लिहायला लावला जातो.

उदाहरणासाठी बीड जिल्ह्याच्या परळी तालुक्यातील सिरसाळा घेऊ. हे परळीहून तेलगावमार्गे बीडकडे जाणाऱ्या रस्त्यावरील बाजारपेठेचे गाव. कापूस, सोयाबीन आणि ऊस यांवर चालणाऱ्या या परिसरातील बारावी किंवा डिप्लोमा झालेला विद्यार्थी अभियांत्रिकीसाठी अंबाजोगाई, लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा ऐपत असल्यास पुणे गाठतो. त्याचे शालेय शिक्षण बहुतेक मराठीत झालेले असते, घरात याआधी कोणी पदवीपर्यंत पोचलेले नसते, आणि आईवडील ऊसतोडीला जाणारे असतील तर दिवाळीच्या आसपासपासून उन्हाळ्यापर्यंतची त्याची शाळाही तुटक झालेली असते. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क शासनाने पूर्ण माफ केल्यामुळे अशा गावांतील मुलींचाही मार्ग थोडा मोकळा झाला आहे. हा विद्यार्थी पहिल्याच सत्रात प्रोग्रॅमिंगला अडतो आणि ‘याचा बेस कच्चा आहे’ असा शेरा त्याच्या नावापुढे पडतो; तो कशाला अडला, हे मात्र बारकाईने पाहिले जात नाही.

ते पाहण्यासाठी एक अगदी लहान प्रोग्रॅम पुरेसा आहे. प्रोग्रॅम म्हणजे संगणकाने क्रमाने पाळायच्या आज्ञांची यादी, चल म्हणजे किंमत साठवण्याची नाव दिलेली जागा, आणि लूप म्हणजे त्याच आज्ञा पुन्हा पुन्हा पाळायला लावणारी रचना. आडतीच्या काट्यावर सोयाबीनचे तीन कट्टे ठेवले, त्यांची वजने ५२, ४८ आणि ६१ किलो भरली, आणि त्यांची बेरीज संगणकाकडून करून घ्यायची आहे. ‘एकूण’ नावाच्या चलात सुरुवातीला शून्य ठेवायचे आणि प्रत्येक कट्ट्यागणिक ‘एकूण = एकूण + वजन’ ही आज्ञा पाळायची, एवढाच तो प्रोग्रॅम. आठवी-नववीत बीजगणित प्रामाणिकपणे शिकलेल्या विद्यार्थ्याला मात्र ही ओळ चुकीची वाटते, आणि त्याचे तसे वाटणे रास्तच आहे, कारण त्याच्या शिक्षकांनी शिकवल्याप्रमाणे दोन्ही बाजूंतून ‘एकूण’ वजा केले की वजन शून्य येते. येथे बरोबरचे चिन्ह समानता सांगत नाही. उजवीकडचा हिशेब आधी पूर्ण करा आणि आलेले उत्तर डावीकडच्या जागेत जुनी किंमत पुसून ठेवा, अशी ती आज्ञा आहे. हे एक वाक्य सांगायला वर्गात पाच मिनिटेही लागत नाहीत. पण ते सांगितले गेले नाही तर पुढचे सगळे सत्र पाठांतराचे होते.

आता याच प्रोग्रॅममध्ये ‘एकूण’ला शून्य देणारी ओळ लूपच्या आत गेली असे समजू. मग प्रत्येक फेरीत आधीची बेरीज पुसली जाते आणि शेवटी १६१ ऐवजी ६१ हे उत्तर येते. ज्याने कागदावर तीन ओळींचा तक्ता करून पहिल्या फेरीनंतर ५२, दुसरीनंतर १०० आणि तिसरीनंतर १६१ असे हाताने लिहून पाहिले आहे, त्याला ६१ पाहताच चूक कुठे आहे ते कळते. ज्याने तो प्रोग्रॅम फळ्यावरून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवरून उतरवला आहे, त्याच्या दृष्टीने प्रोग्रॅम ‘रन’ झाला, ‘एरर’ आली नाही, म्हणजे काम झाले. संगणकाच्या आत घडणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या या हालचालींचे जे चित्र विद्यार्थ्याच्या मनात उभे राहावे लागते, त्याला ब्रिटिश अभ्यासक बेनेडिक्ट डू बुले यांनी १९८० च्या दशकात ‘काल्पनिक यंत्र’ अशा अर्थाची संज्ञा दिली आणि हे चित्र अपुरे असणे ही नवशिक्याची एक मोठी अडचण असल्याचे मांडले.

ही अडचण मराठवाड्याची किंवा मराठी माध्यमाची खास अडचण आहे असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. २००१ साली मायकेल मॅक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतील, प्रोग्रॅमिंगचा पहिला अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या किंवा पूर्ण करत आलेल्या २१६ विद्यार्थ्यांना साधे हिशेबयंत्र तयार करण्यासारखे प्रश्न घातले, तेव्हा ११० पैकी सरासरी गुण २३ च्या आत राहिले. त्यानंतर २००४ साली रेमंड लिस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात देशांतील विद्यार्थ्यांना प्रोग्रॅम लिहायला न सांगता तयार प्रोग्रॅम वाचून त्याचे उत्तर काय येईल यासारखे प्रश्न सोडवायला लावले, आणि पुष्कळ विद्यार्थी तिथेही अडखळले. लिहिता न येण्याच्या मुळाशी वाचता न येणे आहे, हा त्याचा अर्थ. ज्याला वाक्य वाचून कळत नाही त्याला निबंध लिहायला बसवावे, तसे हे चालले होते, आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते अजून तसेच चालले आहे.

आपल्या प्रॅक्टिकलची रीतच याला कारण आहे. उद्दिष्ट, साहित्य, कृती आणि निष्कर्ष असे रकाने असलेले जर्नल भरायचे, आउटपुटची प्रिंट चिकटवायची, सही घ्यायची, सत्राच्या अखेरीस सबमिशनच्या रांगेत उभे राहायचे आणि एक्स्टर्नलसमोर ओरलला दोन व्याख्या म्हणून दाखवायच्या. या साऱ्या क्रमात विद्यार्थ्याने आधी न पाहिलेला प्रोग्रॅम त्याच्यासमोर ठेवण्याचा एकही क्षण येत नाही. तारकाचिन्हांचे त्रिकोण छापणारे प्रोग्रॅम वर्षानुवर्षे त्याच क्रमाने उतरवले जातात. चॅटजीपीटीसारखी साधने २०२२ च्या अखेरीस आल्यानंतर तर लेखनाची उरलीसुरली परीक्षाही पोकळ झाली, कारण मागाल तो प्रोग्रॅम आता फोनवर काही क्षणांत मिळतो. मिळालेला प्रोग्रॅम बरोबर आहे की नाही हे ठरवणारा माणूस मात्र वाचता येणाराच लागतो, आणि उद्योगही पुढे त्यालाच विचारणार आहेत.

वाचन शिकवण्याच्या पद्धती स्वस्त आहेत, हे येथे ठासून सांगितले पाहिजे, कारण ग्रामीण महाविद्यालयात सुधारणेचा विषय निघाला की चर्चा लगेच नव्या लॅबच्या मागणीवर जाते. न्यूझीलंडच्या ओटॅगो पॉलिटेक्निकमधील डेल पार्सन्स आणि पॅट्रिशिया हॅडन यांनी २००६ साली मांडलेल्या प्रश्नप्रकारात प्रोग्रॅमच्या ओळी विस्कटून दिल्या जातात आणि विद्यार्थ्याने त्या योग्य क्रमाने लावायच्या असतात. त्यासाठी कागदाच्या चिठ्ठ्या पुरतात आणि वीज गेली तरी तास चालू राहतो. आयआयटी मुंबईत संगणकाच्या पहिल्या अभ्यासक्रमाच्या शेकडो विद्यार्थ्यांच्या वर्गात ‘आधी एकट्याने विचार, मग शेजाऱ्याशी चर्चा, मग वर्गापुढे मांडणी’ ही पद्धत वापरून पाहिली गेली, आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या कृतींच्या वेळी सरासरी ८३ टक्के विद्यार्थी खरोखर कामात गुंतलेले आढळले. आयआयटीतील मुले हुशार असतात म्हणून ते जमले, असा आक्षेप घेतला जाईल. पण शेजाऱ्याशी बोलायला हुशारी लागत नाही, बोलण्याची मुभा लागते.

आणि ते बोलणे मराठीत झाले पाहिजे. १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी मुंबईत देशी विद्यार्थ्यांना गणित आणि अभियांत्रिकी मराठी-गुजरातीतून शिकवण्याचा प्रयत्न केला होता आणि त्यासाठी गणिताची पुस्तके मराठीत आणली होती, म्हणजे हा विचार दोनशे वर्षांचा आहे. २०२१ पासून तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून अभियांत्रिकी शिकवायला मान्यता दिली, पिंपरी चिंचवड अभियांत्रिकी महाविद्यालयाने संगणक अभियांत्रिकी मराठीतून सुरू केली आणि राज्यातील पॉलिटेक्निकांत द्विभाषिक पर्याय आला. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु संपूर्ण पदवी मराठीतून की इंग्रजीतून, या वादात मधली सोपी वाट नजरेआड होते. प्रोग्रॅमची भाषा इंग्रजी राहणार, पुस्तके आणि नोकरीच्या मुलाखती इंग्रजीत राहणार, पण ‘या फेरीत एकूणची किंमत किती झाली आणि का’ या प्रश्नाचे उत्तर विद्यार्थी ज्या भाषेत विचार करतो त्याच भाषेत त्याला देता आले पाहिजे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात पडदा इंग्रजी आणि निवेदन मराठी अशी रचना बऱ्याच वर्षांपासून आहे, आणि पहिल्या वर्षाच्या वर्गासाठी ती नमुना म्हणून घेण्याजोगी आहे.

सिरसाळ्याच्या विद्यार्थ्याजवळ अभियांत्रिकीचे ज्ञान नसते, हा समज तर मुळातच तपासून पाहावा असा आहे. विहिरीवरच्या थ्री फेज मोटरला पाणी कमी येऊ लागले की मोटर उलटी फिरते आहे आणि तीनपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल केल्या की ती सुलट फिरते, हे शेतकऱ्याच्या मुलाला शाळेतच ठाऊक झालेले असते. एक फेज गेला तर मोटर जळते आणि म्हणून प्रिव्हेंटर बसवतात, हेही तो जाणतो. विद्युत यंत्रांच्या अभ्यासक्रमात फिरत्या चुंबकीय क्षेत्राचा जो पाठ येतो तो नेमका याच अनुभवाची उपपत्ती आहे, परंतु पाठ सूत्रापासून सुरू होतो आणि वायरी बदलणाऱ्या हातापर्यंत बहुधा पोचतच नाही.

संगणकाच्या शाखेसाठी याहून सुंदर उदाहरण त्याच विहिरीवर आहे. शेतीची वीज ठरावीक तासच येते, पुष्कळदा रात्री, म्हणून वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारे ऑटोस्विच शेतकरी बसवतात. वीज आली की एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या, सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू होतात. सुरू होताना मोटर नेहमीच्या कित्येक पट प्रवाह खेचते, आणि डीपी जळते. महावितरण ऑटोस्विच काढून टाकण्याचे आवाहन करत असते, शेतकरी ते काढत नाहीत, आणि दोघांचीही बाजू समजण्यासारखी आहे. हाच पेच संगणकांच्या जाळ्यात वेगळ्या रूपात सुटलेला आहे: १९७३ साली झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत जन्मलेल्या इथरनेटच्या मूळ रचनेत दोन संगणकांचे संदेश एकमेकांवर आदळले की प्रत्येक संगणक स्वतःपुरता एक यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारखा अनिश्चित, काळ थांबून पुन्हा प्रयत्न करत असे. प्रत्येक ऑटोस्विचने वीज आल्यावर असाच काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंतचा विलंब निवडला तर मोटरी एकामागून एक सुरू होतील. वीस मोटरी, विलंबाची मर्यादा आणि ट्रान्सफॉर्मरची क्षमता घेऊन त्याचा प्रोग्रॅम लिहिणे हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले काम आहे, आणि त्याचे उत्तर ऐकायला गावात माणसे आहेत. ‘लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टीम’ नावाचा, दुकानातून विकत आणता येणारा प्रोजेक्ट याच्या जागी का चालू राहावा?

अशा कामाला महाराष्ट्रात परंपराही आहे. हिंदुस्थान लिव्हरमधील संशोधनाचे काम सोडून डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली शिरूर तालुक्यातील पाबळ येथे विज्ञान आश्रम उभा केला आणि गावाला लागणारी कामे हाताने करत करत मुलांनी विज्ञान शिकावे अशी रचना शाळांपर्यंत नेली. आयआयटी मुंबईतील संगणकशास्त्राचे प्राध्यापक मिलिंद सोहोनी आणि तेथील ग्रामीण तंत्रज्ञान केंद्र सितारा यांनी पाणीपुरवठ्यासारखे प्रश्न अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांकडून गावात जाऊन मोजून घेतले, आणि त्याच विचारातून राज्य शासनाचे उन्नत महाराष्ट्र अभियान उभे राहिले. असा मोजण्याजोगा प्रश्न परळीतही आहे. परळीचे औष्णिक वीज केंद्र २०१३ च्या दुष्काळात पाण्याअभावी बंद पडले, तेव्हा तेथील संचांची एकत्रित क्षमता १,१३० मेगावॉट होती; एक मेगावॉट वीज तयार करायला दर तासाला किती पाणी लागते, हा प्रश्न परळी तालुक्यातील विद्यार्थ्याच्या अभ्यासक्रमात कुठेच येत नसेल, तर तो अभ्यासक्रम कोणासाठी बेतला आहे, असे विचारणे भाग आहे.

यातील कोणतीही गोष्ट शिक्षकाला वगळून होणार नाही. तासिका तत्त्वावर, मोजक्या मानधनात काम करणाऱ्या आणि मूल्यांकनाच्या फायली भरण्यात संध्याकाळ घालवणाऱ्या तरुण शिक्षकाकडून चिठ्ठ्या कापून आणण्याची अपेक्षा करायची, तर त्याला तेवढा वेळ आणि सेवेची शाश्वती द्यावी लागेल. तोवर बदलता येण्याजोगी एक जागा परीक्षेची आहे, कारण शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही प्रश्नपत्रिकेकडे पाहून चालतात. मराठवाड्यातील अनेक महाविद्यालये लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाशी संलग्न आहेत. तेथील अभ्यास मंडळाने पहिल्या वर्षाच्या प्रोग्रॅमिंगच्या पेपरात निम्मे गुण तयार प्रोग्रॅम वाचून उत्तर सांगणे, फेऱ्यांचा तक्ता भरणे आणि चूक शोधणे यांना दिले, आणि ओरलला एक्स्टर्नलने जर्नल बाजूला ठेवून विद्यार्थ्यासमोर दहा ओळींचा अनोळखी प्रोग्रॅम, एक कोरा कागद आणि मराठीत बोलण्याची परवानगी ठेवली, तर पुढच्याच सत्रापासून वर्गात काय शिकवायचे ते बदलेल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही, नवा निधी लागत नाही. मंडळाच्या बैठकीतील एक ठराव लागतो.