शिडाच्या नौकेला पेट्रोलची चिंता

पावसाळा सरला, की मांडवी आणि झुवारीच्या मुखातून शिडाच्या लहान नौका उत्तरेस मालवण, तर दक्षिणेस कारवारकडे निघू लागतात. वारा फुकट असला, तरी या सफरींचे वेळापत्रक अखेरीस इंधनाच्या डब्यावरच ठरते. या हंगामात पहाटे मतलई वारा मंद वाहतो, पुढे काही तास समुद्र निपचित पडतो आणि दुपारनंतर वायव्येचा खारा वारा जोर धरतो. त्यामुळे मालवणला जाताना वारा नाकावर, परतताना पाठीवर. एकाच अंतराचे इंधन दोन दिशांना सारखे कधीच लागत नाही.

आग्वादहून मालवण सुमारे ३८ सागरी मैल. लहान आउटबोर्ड इंजिन बेताच्या वेगात तासाला दोनेक लिटर पेट्रोल जाळते. समोरच्या लाटांत ताशी चार मैल जमले, तर साडेनऊ तास, म्हणजे १९ लिटर. एक हिस्सा जाण्यास, एक येण्यास, एक राखीव हा जुना संकेत पाळला, तर ५७ लिटर हवेत. परतीचा वारा गृहीत धरून त्यात कपात करणारे पुष्कळ. पण कपात राखीव हिश्श्यातून होऊ नये. वाटेतील वेंगुर्ल्याच्या खडकांवर काय किंवा दक्षिणेकडील नेत्राणीवर काय, थेंबभर इंधन मिळत नाही. अंजदीव नौदलाच्या ताब्यात असल्याने तेथे सहज उतरण्याचा प्रश्नच नाही.

या जुन्या हिशेबात आता इथेनॉलची भर पडली आहे. २० टक्के मिश्रणाचे २०३० चे उद्दिष्ट अलीकडे ओढून २०२५ मध्ये गाठण्यात आले. चर्चा झाली ती मोटारी आणि दुचाकींची. होडी कोणाच्या ध्यानीमनी नव्हती. बहुतेक आउटबोर्ड उत्पादक १० टक्क्यांपर्यंतच्याच मिश्रणाची हमी देतात. इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणून शुद्ध पेट्रोलवर बांधलेला ५७ लिटरचा अंदाज ६१ च्या घरात जातो. त्याहून गंभीर बाब पाण्याची. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. मर्यादा ओलांडली, की पाणी आणि इथेनॉल तळाशी वेगळे बसते आणि इंजिन नेमके तळचेच ओढते. किनाऱ्यावरील दमट हवेत, झाकणाला वायुछिद्र असलेल्या टाकीत चार महिने पडून राहिलेले पेट्रोल ऑक्टोबरमध्ये वापरणे म्हणजे खडकांजवळ इंजिन बंद पडण्याला निमंत्रण.

हौशी नाविक डिझेल इंजिनाकडे वळू शकेल, तेही खिसा जड असेल तर. आउटबोर्डवर पोट भरणाऱ्या लहान होडीवाल्याला ती मुभा नाही, आणि साध्या पंपावर मिश्रण निवडण्याचा पर्याय त्याच्यापुढे नाही. मच्छीमारी धक्क्यांवर निदान १० टक्के मिश्रणाचे पेट्रोल उपलब्ध करून देणे राज्याने तेल कंपन्यांकडे लावून धरण्याजोगे आहे. तोवर सफरीच्या आदल्या संध्याकाळी शहरातील पंपावरून ताजे पेट्रोल धातूच्या डब्यांत भरून आणायचे, पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवायचा आणि उरलेले पेट्रोल परतल्याबरोबर स्कूटरमध्ये ओतायचे, एवढेच नौकावाल्यांच्या हाती उरते.