हापसा कोणासाठी घडवला?

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील विहिरींनी तळ गाठला. त्या सुमारास काळ्या खडकात यंत्राने खोल भोके पाडून त्यांवर हातपंप बसविण्याच्या कामाने वेग घेतला. खडकाखालचे पाणी सापडले. पण ते वर आणणारा हापसाच टिकेना. १९७० च्या दशकाच्या मध्यास युनिसेफने केलेल्या पाहणीत देशातील सुमारे पाऊण हिस्सा हातपंप बंद आढळले.

अशा वेळी खेडूत अडाणी आहे, सार्वजनिक वस्तू वापरण्याची त्याला शिस्त नाही, असे म्हणून मोकळे होण्याची रीत जुनी आहे. वास्तविक दोष यंत्राच्या आराखड्यात होता. ते बिडाचे पंप अमेरिका-युरोपातील शेतघरांसाठी घडविलेल्या पंपांच्या नकला होते. तिकडे एक कुटुंब दिवसातून चार-सहा वेळा दांडा हलवी. इकडे शेकडो माणसांचे गाव पहाटेपासून रात्रीपर्यंत त्याच दांड्यावर अवलंबून. पिना झिजत, बोल्ट सैल होत, बीड तडकत असे. ज्यांनी हा पंप निवडला, त्यांनी रांगेत उभ्या राहणाऱ्या स्त्रियांचे डोके मोजलेच नव्हते. यंत्र मोडले की त्यांच्या डोक्यावरील हंड्याची वाट कोसाने वाढे. पण या श्रमाची नोंद कोणत्याच अंदाजपत्रकात होत नसते.

उत्तरही याच मातीत सापडले. जालना तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातच होते. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९८१ मध्ये. तेथील ख्रिस्ती मिशनच्या पाणीकामातील माणसांनी मोडके पंप दुरुस्त करता करता बिडाऐवजी पोलादाचा, थोड्या सांध्यांचा, भक्कम पंप तयार केला. सोलापुरात त्यात सुधारणा झाली. त्याच पायावर युनिसेफ आणि भारतीय अभियंत्यांनी ‘इंडिया मार्क दोन’ सिद्ध केला, आणि रिचर्डसन अँड क्रुडास या सरकारी कंपनीने १९७० च्या दशकाच्या अखेरीस त्याचे उत्पादन हाती घेतले. बंद बेअरिंग आणि साखळीचा हा पंप अहोरात्र राबू शके. विशेष म्हणजे त्यावर कोणाचे पेटंट नव्हते. म्हणूनच तो देशभर, आणि पुढे आफ्रिकेतही पोहोचला.

तथापि एक उणीव राहिलीच. आतला वॉशर बदलावयाचा तर सगळे नळ वर ओढावे लागत. त्यासाठी तालुक्याहून गाडी आणि माणसे येण्याची वाट पाहणे आले. म्हणजे यंत्र गावचे आणि त्याची किल्ली कचेरीची! १९८० च्या दशकातील ‘मार्क तीन’ने हा दोष बराचसा दूर केला. त्यात नळ न काढता आतला दट्ट्या वर घेता येतो.

यातून निघणारा धडा हापशापुरता मर्यादित नाही. आज नळयोजना, मीटर, शौचालये अशा कितीतरी वस्तू गावाच्या दारात येतात. त्या बंद पडल्या की पहिला आरोप वापरणाऱ्यावरच होतो. कार्यकर्त्यांनी तो निमूट ऐकून घेऊ नये. वस्तू खरेदी करण्यापूर्वी ती ज्यांना रोज वापरावयाची त्यांच्या हाती देऊन पारखली काय? तिचे सुटे भाग तालुक्याच्या बाजारात मिळतात काय? ती दुरुस्त करणारा माणूस गावात आहे काय? हे तीन प्रश्न प्रत्येक ग्रामसभेत विचारले गेले पाहिजेत. आराखड्याच्या मेजावर ज्याला जागा नसते, त्याच्या वाट्याला बिघाड येतो.